पाळीव प्राण्यांसाठी घरभेट सेवा सुरू करताना आधी काय ठरवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की काही वर्षे पशुवैद्य म्हणून दवाखान्यात नोकरी केल्यानंतर तुम्हाला कुत्र्या-मांजरांसाठी स्वतःची घरभेट सेवा सुरू करायची आहे, स्वतंत्र दवाखाना थाटण्याइतके भांडवल सध्या हाताशी नाही, आणि म्हणून गाडीत कोणती उपकरणे असावीत, किती अंतरापर्यंत जावे व शुल्क कसे आकारावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. तिन्हींची उत्तरे मी देते. मात्र त्यांच्याआधी आणखी एक प्रश्न येतो आणि उरलेल्या तिन्हींची उत्तरे त्याच्यावरच अवलंबून असतात. तो म्हणजे, घरी जाऊन कोणते काम करायचे नाही? माझ्या अनुभवात ही सेवा टिकते की मोडते हे उपकरणांपेक्षा या नकारावर ठरते.

काही गोष्टी परिस्थितीनुसार बदलतात, हे आधीच सांगते. परवाने, गुंगीची औषधे बाळगण्याचे नियम, व्यवसायासाठी वापरायच्या गाडीचा विमा आणि वैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट यांबाबत तुमच्या नोंदणी परिषदेकडून, विमा कंपनीकडून आणि संबंधित सरकारी कार्यालयांकडून लेखी माहिती घ्यावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये. तुमच्यासोबत मदतनीस आहे की तुम्ही एकटे जाणार, हवामान किती उष्ण आहे, रात्रभर चालणारे रुग्णालय जवळ आहे की नाही, यांनीही बराच फरक पडतो. शिवाय मी जे लिहिते आहे ते कुत्रा आणि मांजर यांच्यापुरते, आणि तेही साध्या गाडीतून जाऊन घरातच तपासणी करण्याच्या पद्धतीबद्दल आहे. शस्त्रक्रियेची सोय असलेली फिरती व्हॅन हा वेगळा व्यवसाय आहे; तिचा खर्च आणि तिच्या देखभालीचा व्याप जवळजवळ दवाखान्याइतकाच होतो.

या सेवेचे सर्वांत महत्त्वाचे काम फोनवर होते. दवाखान्यात आलेला प्राणी गंभीर निघाला, तर ऑक्सिजन, क्ष-किरण आणि सहकारी पलीकडच्या खोलीत असतात. घरभेटीत मात्र तुम्ही पोहोचेपर्यंत एक तास गेलेला असतो, तपासून ‘याला रुग्णालयात न्यावे लागेल’ असे सांगेपर्यंत आणखी अर्धा तास जातो, आणि तो वेळ त्या प्राण्याकडे नसतो. म्हणून वेळ ठरवण्याआधी मी काही प्रश्न प्रत्येकाला विचारतेच. श्वास घेताना पोट जोराने आतबाहेर होत आहे का? मांजर तोंड उघडून श्वास घेत आहे का? हिरड्या नेहमीसारख्या गुलाबी न राहता पांढुरक्या किंवा निळसर झाल्या आहेत का? मोठ्या, खोल छातीचा कुत्रा सारखा ओकारीसाठी जोर करतो पण बाहेर काहीच पडत नाही आणि पोट फुगलेले दिसते, असे आहे का? झटका ५ मिनिटांहून अधिक चालला का, किंवा एकामागून एक झटके येत आहेत का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, अपघात किंवा विषबाधेची शंका असेल, अथवा वेणा सुरू होऊनही पिल्लू बाहेर येत नसेल, तर मी जात नाही. थेट रुग्णालयात पाठवते आणि तिथे स्वतः फोन करून कल्पना देते.

यात फसवे ठरणारे एक उदाहरण जरा सविस्तर देते. ‘मांजराला बद्धकोष्ठ झाले आहे, सकाळपासून वाळूच्या पेटीत जाऊन कुंथते आहे, घरी येऊन एनिमा द्याल का?’ असा फोन प्रत्येक घरभेट पशुवैद्याला कधी ना कधी येतोच. त्यावर पहिला प्रश्न असा असावा की मांजर नर आहे की मादी. दुसरा असा की वाळूत लघवीचा ओला गोळा शेवटचा केव्हा दिसला. नर असेल आणि कालपासून गोळा दिसला नसेल, तर तो कुंथतो आहे तो शौचासाठी नव्हे, लघवी तुंबल्यामुळे. रक्तातले पोटॅशियम वाढून त्याचे हृदय केव्हाही थांबू शकते. अशा मांजराला भूल देऊन मूत्रनलिका मोकळी करावी लागते, शिरेतून सलाइन द्यावे लागते आणि पुढे एक-दोन दिवस लक्ष ठेवावे लागते. यातले काहीही घरी नीट होत नाही. समोरची व्यक्ती कळवळून ‘तुम्ही एकदा येऊन बघा तरी’ म्हणते, तेव्हा नाही म्हणणे जड जाते. परंतु त्या क्षणी न जाणे हाच उपचार असतो, आणि त्याच फोनवर रुग्णालयाचा पत्ता देऊन ‘आत्ता निघा’ असे स्पष्ट सांगणे हे आपले कर्तव्य असते.

यासाठीच उपकरणांच्या दुकानात जाण्याआधी जवळच्या रुग्णालयात जावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिथल्या प्रमुखांशी बोलून काही गोष्टी लेखी ठरवाव्यात: तुमचे रुग्ण ते केव्हा घेतील, रात्री कोण असते, क्ष-किरण आणि रक्ततपासणीचे अहवाल तुमच्याकडे कसे येतील, आणि बरा झालेला प्राणी पुढील देखरेखीसाठी पुन्हा तुमच्याकडे पाठवला जाईल का. तुम्ही स्पर्धक म्हणून नव्हे, तर एरवी घराबाहेर न पडणारे प्राणी वैद्यकीय देखरेखीखाली आणणारे सहकारी म्हणून गेलात, तर बहुतेक ठिकाणी स्वागतच होते.

आता घरी काय चांगले होते ते पाहू. लसीकरण, वृद्ध प्राण्यांची नियमित तपासणी, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार व सांधेदुखी यांची देखरेख, अनेक मांजरे असलेली घरे, प्रवासाने बिथरणारे प्राणी आणि अखेरच्या दिवसांतली काळजी, ही कामे अनेकदा दवाखान्यापेक्षा घरी अधिक चांगली होतात. मांजरांत तर हा फरक मोजता येतो, कारण भीतीमुळे त्यांची रक्तशर्करा आणि रक्तदाब दोन्ही वाढतात आणि नसलेल्या आजाराचा भास होतो. घरी, शांतपणे बसलेल्या मांजराचे घेतलेले माप अधिक विश्वासार्ह असते. कुत्र्याची सांधेदुखीही तपासणीच्या टेबलावर दिसते त्याहून घरात अधिक कळते. मी आत गेल्यावर लगेच हात लावत नाही. कुत्रा अंथरुणावरून उठताना आधी पुढचे पाय ताणून मग मागचा भाग ओढून उचलतो का, गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय बाजूला घसरतात का, वळताना तो भिंतीचा आधार घेतो का, हे पाहते. त्यानंतर औषधासोबत ‘अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत न घसरणारी चटई टाका’ हा सल्ला देता येतो, आणि त्याचा उपयोग कधी कधी गोळीइतकाच होतो. फुलदाणीतल्या लिलीकडेही लक्ष असू द्यावे. खऱ्या लिलीचे परागकणसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असतात, आणि ही गोष्ट दवाखान्यात बसून कधीच कळली नसती.

मांजराच्या बाबतीत भेटीची तयारी मालकाकडून आधीच करून घ्यावी. भेटीच्या तासभर आधी मांजराला शांतपणे एका लहान खोलीत ठेवावे, जिथे पलंग किंवा जड कपाट नाही, आणि मी आल्यावर कोणी त्याच्यामागे धावू नये, एवढे सांगितले की निम्मी अडचण संपते. पलंगाखालून ओढून काढलेले मांजर त्या दिवशी तपासण्याजोगे राहत नाही. अशा वेळी झटापट न करता भेट पुढे ढकलावी, असे माझे मत आहे. फार घाबरणाऱ्या मांजरांना भेटीच्या दोन-तीन तास आधी गॅबापेंटिन हे शांत करणारे औषध देण्याचा चांगला उपयोग होतो, मात्र त्या मांजराची प्रकृती तुम्हाला आधीपासून माहीत असावी आणि मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्रा कमी ठेवावी.

प्राणी धरण्याचे काम मालकाला देऊ नये. स्वतःचा कुत्रा आपल्याला चावणार नाही या विश्वासाने लोक तोंड फार जवळ नेतात, आणि दुखऱ्या कानाला हात लागताच व्हायचे ते होते. मालकाने समोर उभे राहून बोलत राहावे. धरणे, गरज पडल्यास मुसके बांधणे, हे प्रशिक्षित मदतनीसाने करावे. मदतनीसाचा पगार सुरुवातीला जड वाटतो, परंतु त्याच्यामुळे प्रत्येक भेटीचा वेळ कमी होतो आणि तुमचे हात शाबूत राहतात. नाइलाजाने एकटे जावे लागलेच, तर ज्या प्राण्याला धरावे लागणार नाही अशीच कामे घ्यावीत.

उपकरणांबद्दल माझे मत असे आहे की थोडी घ्यावीत आणि चांगली घ्यावीत. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, डोळे व कान पाहण्याची साधने, सपाट वजनकाटा, डॉप्लर रक्तदाबमापक, केस कापण्याचे यंत्र, डोक्याला बांधायचा दिवा आणि न घसरणारी चटई एवढ्यावर बहुतांश काम भागते. दिवा यादीत मुद्दाम घातला आहे, कारण घरांमधला उजेड शीर शोधण्यासाठी पुरेसा नसतो. ग्लुकोमीटर प्राण्यांसाठी प्रमाणित केलेलाच घ्यावा. माणसांसाठीचे यंत्र कुत्र्या-मांजरांत साधारणतः प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते, आणि त्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा बदलणे धोक्याचे आहे. सोनोग्राफीचे छोटे यंत्र पुढे जमल्यास घ्यावे. क्ष-किरण यंत्राच्या मागे सुरुवातीला लागू नये, कारण कुणाच्या बैठकीच्या खोलीत किरणोत्सर्गापासून सर्वांचे संरक्षण करणे कठीण असते. पूर्ण भूल द्यावी लागेल असे कोणतेही काम, दातांची सफाईसुद्धा, मी घरी करत नाही.

उपकरणांपेक्षा तापमानाकडे जास्त लक्ष द्यावे लागते. लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिल्या पाहिजेत, हे आपण सगळे जाणतो. पण गाडीत त्या उष्णतेने बिघडतात तशा गोठूनही बिघडतात. फ्रीजरमधून काढलेली बर्फाची पिशवी थेट कुपीला टेकली, तर रेबीजसारखी निष्क्रिय (मारलेल्या विषाणूपासून केलेली) लस गोठून निकामी होऊ शकते, आणि वितळल्यावर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. त्यामुळे पिशवीवर दव जमेपर्यंत ती बाहेर ठेवावी, मधे जाड कापड किंवा पुठ्ठा घालावा, आणि दिवसभरातले किमान व कमाल तापमान नोंदवणारा तापमापक पेटीतच ठेवावा. संध्याकाळी तो पाहूनच उरलेल्या लशी शीतकपाटात परत ठेवायच्या की टाकून द्यायच्या, हे ठरवावे. पावडरीच्या रूपातली, विरघळवून घ्यायची लस प्राण्यासमोरच विरघळवावी. इतर औषधांचेही तसेच आहे. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांच्या आसपास वाढते, तेव्हा औषधांची पेटी गाडीत सोडण्याऐवजी प्रत्येक घरी सोबत न्यावी. चोरीच्या दृष्टीनेही तेच बरे. गुंगीची औषधे कुलूपबंद पेटीत, नोंदवहीसह ठेवावीत आणि ती रात्री गाडीत राहू देऊ नयेत.

रक्ताचे नमुनेही वेळेशी बांधलेले असतात. सकाळी पहिल्या घरी घेतलेले रक्त संध्याकाळी प्रयोगशाळेत दिले, तर पेशी नळीतली साखर वापरत राहतात. पेशींपासून वेगळे न केलेल्या रक्तात ती तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते आणि मधुमेही प्राण्याचा अहवाल उगाच समाधानकारक दिसतो. गाडीच्या विजेवर चालणारे छोटे सेंट्रिफ्यूज (नळी वेगाने फिरवून रक्तातल्या पेशी वेगळ्या करणारे यंत्र) त्यामुळे लवकर घ्यावे: रक्त गोठू द्यावे, फिरवावे आणि सीरम, म्हणजे वर उरणारा पेशीविरहित द्रव, वेगळ्या नळीत काढावे. रक्ताची स्लाइड घरीच, ताज्या रक्तातून करावी, कारण ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत तासन्‌तास राहिलेल्या पेशींचा आकार बदलतो. सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबून सुईतून रक्त नळीत ढकलू नये. तांबड्या पेशी फुटतात. लघवी तासाभरात तपासता येणार नसेल तर थंड ठेवावी, पण थंडीने नवे स्फटिक तयार होऊ शकतात हे अहवाल वाचताना लक्षात असावे. फॉर्मेलिनची (ऊतींचे नमुने टिकवण्याच्या द्रावणाची) बाटली आणि पेशींच्या स्लाइड एकाच पिशवीत कधीही ठेवू नयेत, कारण त्या वाफेने स्लाइड निरुपयोगी होतात.

एका घरातून दुसऱ्या घरात रोग आपणच घेऊन जाऊ शकतो, ही जाणीव सतत हवी. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू वातावरणात अनेक महिने टिकतो आणि हात चोळण्याच्या अल्कोहोलने तो भरवशाने मरत नाही. आधी घाण धुऊन काढावी आणि मग घरगुती ब्लीच सुमारे ३० पट पाण्यात मिसळून केलेले ताजे द्रावण १० मिनिटे ओले राहू द्यावे. भेटींचा क्रमही असाच लावावा: लसीकरण पूर्ण न झालेली पिल्ले दिवसाच्या सुरुवातीला, संसर्गाची शंका असलेले शेवटी. स्वतःचे लसीकरणही विसरू नये. रेबीजपासून पूर्वसंरक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून ० आणि ७ व्या दिवशी अशा दोन मात्रा सुचवते. त्या घेतलेल्या असल्या तरी संशयित प्राणी चावल्यावर जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन पुढच्या मात्रा घ्याव्याच लागतात. मांजराच्या चाव्याची जखम लहान दिसते म्हणून स्वतःच औषध घेत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

अंतर आणि शुल्क हे एकाच हिशेबाचे दोन भाग आहेत. समजा, घरात तपासणी आणि बोलणे मिळून ४० मिनिटे लागतात, प्रवासाला सरासरी २५ मिनिटे, आणि सफाई, नोंदी व फोन यांना १५ मिनिटे. म्हणजे एका भेटीला ८० मिनिटे, आणि ८ तासांत ६ भेटी. प्रवास ४५ मिनिटांचा झाला की त्याच दिवसात ५ भेटीही पुऱ्या होत नाहीत, आणि इंधन वाढते ते वेगळेच. दवाखान्यात तासाला तीन प्राणी पाहून बसलेली शुल्काची सवय इथे चालत नाही. अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर गर्दीच्या वेळच्या मिनिटांत मोजावे, सुरुवातीला २० ते २५ मिनिटांच्या वर्तुळाबाहेर जाऊ नये, आणि आठवड्याचे वार विभागांना वाटून द्यावेत, म्हणजे एका दिवशी गाडी एकाच बाजूला फिरेल. भेटीचे शुल्क आणि तपासणीचे शुल्क वेगळे सांगावे; त्याच घरातल्या दुसऱ्या प्राण्याला फक्त तपासणीचे लावावे. हे सारे फोनवरच सांगावे, दारात नव्हे. नंतरच्या चौकशीच्या फोनसाठी रोजचा एक ठरावीक तास जाहीर करावा. नाहीतर तुमची संध्याकाळ विनामोबदला काम करण्यात जाते आणि एखादी महत्त्वाची नोंद निसटते.

घरी दयामरण देण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण या सेवेत ते काम येतेच, आणि ते नीट करता यावे म्हणूनच मला हा व्यवसाय मोलाचा वाटतो. कागदपत्रे, शुल्क आणि देहाची व्यवस्था हे सर्व आधी ठरवून घ्यावे, म्हणजे नंतर कुणालाही व्यवहाराचे बोलावे लागत नाही. मी नेहमी आधी गुंगीचे इंजेक्शन देते आणि प्राणी गाढ झोपेपर्यंत थांबते. याला सहसा ५ ते १५ मिनिटे लागतात. मग शक्यतो मागच्या पायाची शीर घेते, म्हणजे डोक्यापाशी घरच्यांना बसता येते. रक्तदाब उतरलेल्या वृद्ध प्राण्यात शीर सापडायला वेळ लागतो, हे गृहीत धरून घाई करू नये. डोळे उघडे राहतील, एखाद-दोन खोल श्वास किंवा स्नायूंची हालचाल दिसू शकेल, लघवी होईल, हे आधी शांतपणे सांगितलेले असले की घरच्यांना त्या क्षणी प्राण्याला वेदना होत असल्याचा धक्का बसत नाही. पेंटोबार्बिटल हे दयामरणाचे औषध दिलेला देह उघड्यावर पडू नये, कारण तो खाणारे इतर प्राणीही मरतात. दहन करावे किंवा खोल पुरावे. अशा भेटीनंतर लगेच दुसरी भेट लावू नये. घाईत निघालेला पशुवैद्य त्या कुटुंबाच्या कायम लक्षात राहतो.

सुरक्षिततेबद्दल थोडेसेच. दिवसभराचे पत्ते आणि वेळा एका विश्वासू व्यक्तीकडे असाव्यात, प्रत्येक घरातून निघाल्यावर तिला कळवावे, आणि नवीन व्यक्तीच्या घरी पहिली भेट दिवसाच घ्यावी. दारात उभे राहिल्यावर काही खटकले, तर आत न जाता परत फिरण्याचा अधिकार आपल्याला आहे.

नोकरीचा करार परवानगी देत असेल, तर आठवड्यातून एक-दोन दिवसांनी सुरुवात करावी आणि गाडी सध्याची आहे तीच वापरावी. नवे उपकरण ‘असावे’ म्हणून घेऊ नये. ते नाही म्हणून एकाच प्रकारचे रुग्ण वारंवार परत पाठवावे लागत आहेत असे नोंदवहीत दिसले की मग घ्यावे. तुमच्या भागात रात्रभर चालणारे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते तासाभराहून दूर असेल, तर आजारी प्राण्यांच्या भेटी दुपारच्या आत संपवाव्यात, म्हणजे प्रकृती बिघडली तरी त्यांना उजेडात तिथे पोहोचता येईल, आणि दुपारनंतरचा वेळ मोठ्या प्राण्यांचे लसीकरण व वृद्ध प्राण्यांची देखरेख यांसाठी ठेवावा (लसीकरण अपूर्ण असलेली पिल्ले तेव्हाही सकाळी सर्वांत आधी घ्यावीत). ते अंतर कळवलेत, तर भेटींचे वर्तुळ किती ठेवावे याबद्दल अधिक नेमके सांगता येईल.